रोज लावायचा परफ्यूम: चौथ्या तासाला काय उरतं ते बघून निवडा

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. ऑफिस बंद, एसीचं, शेजारची खुर्ची हातभर अंतरावर. येता-जाता थोडं उन्हातून चालणं. रोज लावायला एकच बाटली घ्यायची आहे आणि यादी तीन नावांवर येऊन अडली आहे: डिऑरचा सोव्हाज, शनेलचा ब्ल्यू द शनेल आणि अरमानीचा अक्वा दी जिओ. दुकानात तिन्ही हुंगले, तिन्ही छान वाटले, बाहेर पडेपर्यंत कुठला कुठला होता तेच आठवेना. म्हणून विचारलंय, 'तिघांत चांगला कुठला, आणि आठ तास कुठला टिकतो?'

पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिन्ही नीट बांधलेले परफ्यूम आहेत. दुसऱ्याला आहे, पण त्याने निवड होणार नाही. तुमची खरी अडचण अशी की तुम्ही तिघांची तुलना त्यांच्या पहिल्या पाच मिनिटांवर केलीत, आणि अंगावर बाळगणार आहात ते पुढचे सात-आठ तास. रोजच्या परफ्यूमला मी तीनच गोष्टी विचारतो. चार तासांनंतर जे उरतं ते तुम्हाला रोज सोसेल का? हातभर अंतरावर बसलेल्या माणसापर्यंत ते किती पोचतं? आणि तुमचा साबण, डिओ, कपडे धुण्याची पावडर यांच्या वासाशी त्याचं जमतं का? लग्नसमारंभाला लावायचा असेल तर प्रश्न वेगळे असतात. तिथे थोडा भपका चालतो, रोज चालत नाही.

काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. तुमची त्वचा कोरडी आहे की तेलकट, घाम किती येतो, तुमच्या नाकाला कुठले रेणू जाणवतात आणि कुठले मुळीच जाणवत नाहीत, हे मला इथून कळणार नाही. म्हणून आधी तपासायची रीत सांगतो, मग या तिघांबद्दल माझं मत देतो.

दुकानात फसगत कशी होते ते आधी बघू. बाटलीतल्या द्रवाचा मोठा भाग अल्कोहोल असतो आणि तो मिनिटाभरात उडून जातो. त्याच्या मागोमाग उडतात ते हलके रेणू: लिंबू, बर्गमॉट, ग्रेपफ्रूट यांचे. त्यांचा बहर पंधरा-वीस मिनिटांचा. मग लॅव्हेंडर, जिरेनियम, मिरी, आलं, वेलदोडा असे मधल्या वजनाचे वास दोन-तीन तास चालतात. शेवटी उरतात जड रेणू, म्हणजे लाकडाचे, अंबरचे, कस्तुरीसारखे मस्क, व्हॅनिला. हे त्वचेवर दिवसभर राहतात आणि कापडावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत सापडतात. काउंटरवर उभा असलेला माणूस एका मिनिटात ठरवतो हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्या पहिल्या मिनिटावर भरपूर मेहनत घेतलेली असते. लख्ख, ताजी, लिंबूवर्गी सुरुवात जवळजवळ सगळ्यांची सारखीच छान असते. म्हणूनच तुम्हाला तिन्ही आवडले आणि म्हणूनच तिघांची सरमिसळ झाली.

खोक्यावर किंवा जाहिरातीत 'टॉप, मिडल, बेस' असा नोट्सचा त्रिकोण दिलेला असतो. त्याच्यावरून निवडू नका. ती घटकांची यादी नसते, वासाचं वर्णन असतं. आजच्या पुरुषी परफ्यूममध्ये खरं काम करणारे काही रेणू त्या त्रिकोणात क्वचितच दिसतात. डायहायड्रोमिर्सेनॉल हा धातूसारखा थंड, लिंबू-लॅव्हेंडरी ताजेपणा देतो आणि धुण्याच्या पावडरीतही सर्रास असतो. एखादा परफ्यूम 'धुतलेल्या कपड्यांसारखा' वाटतो त्यामागे बरेचदा हाच असतो. हेडिओन हवेशीर, जाईच्या जवळचा वास देतो. डिऑरच्याच १९६६च्या 'ओ सोव्हाज' या वेगळ्या परफ्यूममध्ये तो ठळकपणे वापरला गेला आणि नंतर सगळीकडे पसरला. आयसो ई सुपर मऊ, कोरड्या देवदारासारखा. अँब्रॉक्सन हा अंबरग्रिसच्या (व्हेल माशापासून मिळणाऱ्या सुगंधी पदार्थाच्या) वासाचा रेणू आता क्लॅरी सेज या वनस्पतीपासून मिळणाऱ्या घटकातून बनवतात. तो खनिजासारखा, किंचित खारट, आणि लांबवर जाणारा. हे चार वास एकदा ओळखता आले की बाजारातल्या अर्ध्याअधिक पुरुषी परफ्यूमची चौकट तुम्हाला दिसायला लागेल.

आता बाटलीवरच्या शब्दांचा गोंधळ. ओ द कोलोन, ओ द टॉयलेट (ईडीटी), ओ द परफ्यूम (ईडीपी) आणि परफ्यूम या चढत्या पायऱ्या सुगंधी तेलाच्या प्रमाणाच्या मानल्या जातात. ढोबळमानाने कोलोन २ ते ५ टक्के, ईडीटी ५ ते १५, ईडीपी १५ ते २०, परफ्यूम त्याहून वर. पण हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत. एका कंपनीचा ईडीटी दुसरीच्या ईडीपीइतका भरलेला असू शकतो. शिवाय प्रमाण वाढलं म्हणजे वास जास्त लांब जातो असंही नाही. उलट, जड घटक वाढल्याने पुष्कळदा वास अंगाजवळ राहतो आणि जास्त वेळ राहतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एकाच नावाच्या ईडीटी आणि ईडीपीमध्ये फक्त पाण्याचा फरक असेल असं समजू नका. ती बहुतेक वेळा वेगळी रचना असते. सोव्हाजचा ईडीटी २०१५चा, ईडीपी २०१८चा, परफ्यूम २०१९चा, एलिक्सिर २०२१चा. एलिक्सिर हुंगून ईडीटी मागवला तर नवलच वाटेल, इतकं अंतर आहे. ब्ल्यू द शनेलचंही तेच: ईडीटी २०१०चा, ईडीपी २०१४चा, परफ्यूम २०१८चा, आणि परफ्यूमला चंदनाकडे झुकवलेलं आहे. अक्वा दी जिओचा मूळ ईडीटी १९९६चा, नंतर त्याच नावाखाली बऱ्याच आवृत्त्या आल्या. तुम्ही तीन नावं लिहिलीत, पण त्यातली कुठली आवृत्ती हुंगलीत ते लिहिलं नाही. यादी करताना नावापुढे आवृत्ती लिहा, नाहीतर तुलना सुरू होण्याआधीच बिघडते.

'आठ तास टिकतो का' या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत. एक, त्वचेला नाक लावल्यावर वास किती वेळ येतो. दोन, अंगापासून हातभर लांब किती वेळ येतो. याला कुणी प्रोजेक्शन म्हणतं, कुणी दरवळ म्हणतं. आणि तुम्ही निघून गेल्यावर वाटेत मागे राहतो तो माग, त्याला सिलाज म्हणतात. चांगल्या ईडीटीचा दरवळ दीड-दोन तासांत ओसरतो आणि अंगाजवळचा वास पाच-सहा तास राहतो. ऑफिससाठी ही मांडणी मला तक्रारीची वाटत नाही, उलट सोयीची वाटते. आठ तास सतत दरवळणारा परफ्यूम शेजाऱ्याने मागितलेला नसतो.

टिकण्याबाबतच्या तक्रारी मात्र पुष्कळदा परफ्यूमच्या नसतात, नाकाच्या असतात. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं थांबवतो. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसंच हे. अँब्रॉक्सन, आयसो ई सुपर आणि मस्क यांच्या बाबतीत हे फारच जाणवतं: वास येतो, जातो, मध्येच पुन्हा येतो. लावणाऱ्याला वाटतं उडून गेला. तो आणखी चार फवारे मारतो आणि आजूबाजूची माणसं खिडकी उघडतात. काही जणांना एखादा विशिष्ट मस्क जन्मतःच जाणवत नाही. बाकी नाक उत्तम, पण तो एक रेणू कोरा. अशा माणसाला मस्कवर उभा असलेला परफ्यूम तासाभरात संपल्यासारखा वाटतो, शेजाऱ्याला तो संध्याकाळपर्यंत येतो. त्यामुळे 'मला येत नाही' हा न टिकण्याचा पुरावा धरू नका. तपासायचं असेल तर दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या, किंवा रात्री काढलेला शर्ट सकाळी कॉलरपाशी हुंगा. तिथे वास असेल तर परफ्यूम दिवसभर होता, तुम्ही नव्हता.

आता तुलना कशी करायची. पूर्ण बाटली घेण्याआधी प्रत्येकाचं २ मिलिचं सॅम्पल किंवा ५ मिलिचं डीकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला परफ्यूम) मिळवा. साधारण फवारा ०.१ मिलिच्या आसपास असतो, म्हणजे २ मिलित वीसेक फवारे, तीन-चार दिवसांच्या तपासणीला आणि थोड्या चुकांना पुरेसे. काडी बुडवून लावायची कुपी मिळाली तर तिच्यावरून दरवळीचा अंदाज घेऊ नका. फवाऱ्यात द्रव पसरतो आणि जास्त जागेवरून उडतो, काडीचा थेंब एकाच जागी बसून राहतो. छोटी रिकामी स्प्रेची कुपी आणून त्यात ओतून घ्या.

पहिला टप्पा कागदावर. जाड, बिनवासाच्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा. दुकानातले ब्लॉटर, म्हणजे वास घ्यायला देतात त्या पट्ट्या, मिळाले तर उत्तम. प्रत्येकीच्या टोकाला मागच्या बाजूने अ, ब, क लिहा. फवारणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या आणि कुठलं अक्षर कशाचं ते त्यांच्याकडेच राहू दे. नाव कळलं की नाक ऐकत नाही, हे अनुभवी माणसांच्या बाबतीतही खरं आहे. फवारे सारखे हवेत: प्रत्येक पट्टीवर एक, वीतभर अंतरावरून. एक पट्टी कोरी ठेवा. ती मधूनमधून हुंगली की कागदाचा स्वतःचा वास कुठला ते कळतं. पट्ट्या एकमेकींना टेकू देऊ नका आणि तीनाहून जास्त एका बैठकीला घेऊ नका. चौथीपासून नाक थकतं आणि सगळं गोडसर वाटायला लागतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही. आपल्याच बाहीत नाक खुपसलं किंवा दोन मिनिटं बाहेर उभं राहिलं की तेवढंच काम होतं, उलट कॉफी हा आणखी एक उग्र वास.

पहिल्या मिनिटात हुंगू नका, अल्कोहोल जाऊ द्या. मग दहा मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. दर वेळी तीन-चार शब्द लिहा. 'छान' आणि 'मस्त' हे शब्द या वहीत वर्ज्य. 'सालीसकट संत्रं', 'ओला दगड', 'पेन्सिल सोलल्यासारखं', 'बाळाची पावडर', 'गळ्याशी गोड', 'धुण्याची पावडर' असं काहीतरी लिहा. चौथ्या तासाच्या नोंदीत दोन पट्ट्यांना तुम्ही नकळत तेच शब्द दिलेत तर ते दोन्ही परफ्यूम तुमच्यासाठी एकच आहेत. मग स्वस्त पडेल तो किंवा सौम्य असेल तो घ्या. कागदाचा उपयोग वगळण्यापुरता. कागद थंड असतो, त्याला घाम नाही, तेल नाही. त्यामुळे तिथे सुरुवातीचा भाग जास्त वेळ रेंगाळतो आणि शेवट थोडा सपाट वाटतो. कागदावर नावडता ठरलेला सहसा अंगावर आवडत नाही, पण कागदावर आवडलेला अंगावर बिघडू शकतो.

दुसरा टप्पा त्वचेवर. एका वेळी दोनच, प्रत्येक हातावर एक. मनगट टाळा: तिथे घड्याळाचा पट्टा असतो, हात धुताना साबण लागतो, आणि लिहिताना ते टेबलावर घासतं. कोपराच्या आतल्या बाजूला, वळणापासून चार बोटं खाली लावा. आंघोळीनंतर, बिनवासाच्या साबणाने धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या झालेल्या हातावर. एकेक फवारा, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून. चोळू नका. चोळल्याने 'रेणू तुटतात' असं सांगतात तसं काही होत नाही, पण घर्षणाच्या उष्णतेने हलका भाग लवकर उडतो आणि अर्धा द्रव दुसऱ्या हातावर जातो, मग दोन्ही हात सारखे राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी हात बदला. उजव्यावरचा जास्त टिकला असं वाटलं तर ते परफ्यूममुळे की उजव्या हातामुळे, हे बदलल्याशिवाय कळत नाही. नाक चोंदलेलं असेल, नुकतंच झणझणीत जेवण झालं असेल, तर त्या दिवशी नोंदी करूच नका.

तिसरा टप्पा लोक सर्वात जास्त टाळतात आणि निर्णय खरं तर त्यानेच होतो. प्रत्येक परफ्यूम सलग दोन कामाचे दिवस पूर्ण लावून वापरा. तीन फवारे, त्याहून जास्त नाही, आणि घरातून निघण्याच्या निदान अर्धा तास आधी. तुम्ही उन्हातून चालत जाता, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. त्वचा तापली की उडण्याचा वेग वाढतो, आणि सर्वात जास्त दरवळ नेमका तुम्ही लिफ्टमध्ये शिरता तेव्हा असतो. दुपारनंतर एसीत त्वचा थंड आणि हवा कोरडी, तिथे तोच परफ्यूम मिटून बसतो. पण खोली बंद असल्याने जे उडालंय ते तिथेच फिरत राहतं. सकाळच्या आणि दुपारच्या, दोन्ही नोंदी हव्यात त्या यासाठी.

या दोन दिवसांत घरातल्या किंवा ऑफिसातल्या एका विश्वासू माणसाला विचारा, पण 'कसा आहे?' असं विचारू नका. लोक सभ्यपणे 'छान' म्हणतात आणि तुम्हाला काहीच मिळत नाही. 'मी शेजारी बसलो तर येतो का? खोलीत शिरलो तेव्हा आला का? डोकं धरल्यासारखं होतं का?' असं हो-नाही उत्तराचं विचारा. खोलीत शिरताच येत असेल तर एक फवारा कमी करा आणि पुन्हा बघा. एका फवाऱ्यावर उतरूनही खोलीभर होत असेल तर तो परफ्यूम तुमच्या ऑफिसचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःकडे लक्ष द्या. आंघोळ करून तो एकदाचा काढून टाकावासा वाटला तर पहिल्या पाच मिनिटांत कितीही आवडला असला तरी सोडून द्या.

आता तुमच्या तिघांबद्दल.

अक्वा दी जिओचा मूळ ईडीटी तिघांत सर्वात हलका. लिंबूवर्गीय सुरुवात, मग कॅलोनसारख्या घटकाचा समुद्री, किंचित कलिंगडाच्या पाण्यासारखा वास, खाली स्वच्छ मस्क आणि देवदार. उष्म्यात तो अंगावर चढत नाही, हे त्याचं मोठं बळ. दुबळी बाजू अशी की दुपारपर्यंत त्याचा आवाज अगदी खाली जातो. शिवाय काहींना तो समुद्री भाग उष्ण, घामट त्वचेवर शिळ्या काकडीसारखा लागतो. तो तुम्हाला तसा लागतो का हे दुसऱ्या टप्प्यातच कळेल, त्यासाठी उन्हात चालून आल्यावरची नोंद बघा.

ब्ल्यू द शनेल मधल्या वजनाचा. ग्रेपफ्रूट, आलं, पुदिन्याची झाक, मग कोरडं देवदार आणि धूपाचा पातळ थर. ईडीटीची सुरुवात धारदार, ईडीपी गोलाई असलेला आणि अंगाजवळ राहणारा. कुठेच अति करत नाही, म्हणून काही रसिक त्याला कंटाळवाणा म्हणतात. रोजच्या वापरात तो कंटाळवाणेपणाच कामाला येतो असं माझं मत आहे.

सोव्हाजचा ईडीटी बर्गमॉट आणि मिरीच्या झणक्याने सुरू होतो आणि त्याच्या खाली अँब्रॉक्सनचा मोठा, सरळ खांब उभा असतो. तो लांब जातो, तासन् तास जातो, आणि लावणाऱ्याच्या नाकाला मात्र लवकर दिसेनासा होतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हात सैल सुटतो. तो वाईट नाही, मोजून लावला तर उत्तमच आहे. पण इतक्या लोकांच्या अंगावर असतो की शेजाऱ्याचं नाक त्याला आधीच कंटाळलेलं असण्याची शक्यता धरा. ईडीपीत व्हॅनिलाची ऊब आहे, उष्म्यात ती जड वाटू शकते. एलिक्सिर ऑफिसच्या यादीत धरूच नका.

तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी ब्ल्यू द शनेलचा ईडीपी पहिला तपासेन, अक्वा दी जिओचा ईडीटी दुसरा, आणि सोव्हाजचा ईडीटी तिसरा, तोही दोन फवाऱ्यांवर. तुमचं ऑफिस उघड्या खिडक्यांचं असतं, किंवा तुमचं काम फिरतीचं असतं, तर हा क्रम उलटा झाला असता.

किती लावायचं आणि कुठे, हे निवडीइतकंच महत्त्वाचं आहे. तीन फवाऱ्यांत माझी मांडणी अशी: एक छातीवर, शर्टाच्या आत; दोन मानेच्या मागे, कॉलरच्या खाली, डावीकडे आणि उजवीकडे एकेक. मानेच्या पुढच्या बाजूला लावला तर तो सतत तुमच्याच नाकाखाली राहतो, नाक लवकर सरावतं, आणि दाढी केलेल्या त्वचेवर अल्कोहोल झोंबतो. छातीवरचा फवारा शर्टाच्या आतल्या उबेने हळूहळू वर येतो. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, वास जास्त वेळ धरतो. डिओ बिनवासाचा घ्या. लोक इथेच गफलत करतात: बाजारातले बहुतेक पुरुषी डिओ डायहायड्रोमिर्सेनॉल आणि मस्कने भरलेले असतात, ते परफ्यूमच्या बरोबरीने बोलतात, आणि बिघडलेल्या मिश्रणाचा दोष परफ्यूमला जातो. परफ्यूम घामाचा वास झाकत नाही, त्याच्यात मिसळतो. काखेत कधीच फवारू नका.

कपड्यावर वास जास्त टिकतो हे खरं, पण रंग बघा. व्हॅनिला असलेले परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होत जातात आणि पांढऱ्या शर्टावर डाग सोडतात. रेशमावर तर कुठलाच नको. जाकिटाच्या अस्तरावर चालेल, मात्र मग ते जाकीट धुवेपर्यंत दुसरा परफ्यूम लावायचा नाही. तेलातलं अत्तर हा पर्याय कुणीतरी सुचवेलच. त्यात वास उचलून नेणारं अल्कोहोल नसतं, म्हणून ते अंगाजवळ राहतं आणि बंद ऑफिसात सभ्य वागतं. पण एक थेंब जास्त झाला की परत घेता येत नाही, आणि कापडावर तेलाचा डाग पडतोच.

त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आत एक फवारा मारून दोन दिवस थांबा. लाली, खाज आली तर तो परफ्यूम फक्त कपड्यावर. लिंबूवर्गीय तेलातला लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधला लिनालूल हवेत राहून ऑक्सिडाइज होतात आणि मग ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. जुन्या, अर्ध्या रिकाम्या बाटलीने अचानक त्रास सुरू झाला तर हे कारण असू शकतं. बर्गमॉटच्या कच्च्या तेलातला बर्गाप्टेन उन्हात त्वचेवर काळे डाग पाडतो. नावाजलेल्या कंपन्या तो मर्यादेत ठेवतात किंवा काढून टाकतात, पण घरी तेलं मिसळून केलेले कोलोन उघड्या त्वचेवर लावून उन्हात जाऊ नका.

बाटलीचा हिशेब सोपा आहे. १०० मिलित सुमारे हजार फवारे. रोज तीन लावले तर जवळजवळ अकरा महिने, ५० मिलि साधारण साडेपाच महिने. तुमच्या बाटलीचा फवारा किती मोठा ते बघायचं असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर बाटली ठेवून आकडा लिहा, आठवडाभर फवारे मोजून वापरा आणि पुन्हा वजन करा. दहा फवाऱ्यांमागे ०.८ ते ०.९ ग्रॅम घटलं तर फवारा ०.१ मिलिचा. काही बाटल्यांचा पंप याच्या दीडपट सोडतो, तिथे तीनाऐवजी दोनच फवारे. पहिल्यांदा ५० मिलिच घ्या. बाथरूममध्ये ठेवू नका, खिडकीत ठेवू नका. खोक्यासकट कपाटात राहिली तर काही वर्षं सहज जाते. बिघडला की आधी वरचा लिंबूवर्गीय भाग जातो आणि सुरुवातीला आंबूस किंवा व्हार्निशसारखा वास येतो. मात्र नळीत साठलेल्या थोड्या द्रवामुळे पहिला फवारा तसा येऊ शकतो, म्हणून दोन फवारे हवेत सोडून मग ठरवा.

एक शंका पुढे येईलच म्हणून आत्ताच सांगतो: दुसरी बाटली घेतली आणि वास थोडा वेगळा वाटला, म्हणजे ती बनावटच असते असं नाही. घटकांवरचे नियम बदलतात तशी रचनाही बदलते. उदाहरणार्थ, लिलियल या फुलांच्या वासाच्या घटकावर युरोपीय संघात मार्च २०२२पासून बंदी आहे, आणि त्यावर उभ्या असलेल्या कित्येक परफ्यूमना डागडुजी करावी लागली. बाटलीच्या तळावरचा बॅच कोड (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) आणि खोक्यावरचा कोड जुळतो का ते बघा, आणि जुन्या बाटलीशी तुलना वर सांगितल्यासारखी झाकलेल्या पट्ट्यांवरच करा.

आणि तिन्ही सॅम्पल चौथ्या तासाला नावडती ठरली तर त्यांच्यातच आवृत्त्या बदलत बसू नका, घराणं बदला. तिघांचाही तळ अंबर, देवदार आणि मस्कच्या आसपासचा आहे, तोच तुम्हाला नको असेल तर चौथी आवृत्तीही नकोच वाटेल. अशा वेळी तेर द'एर्मेस ईडीटीचं सॅम्पल मागवा. २००६चा, संत्र्याची साल, मिरी आणि खाली कोरडा वाळा. त्याच्या तळात नेहमीचा मऊ मस्क जाणवत नाही, त्यामुळे फरक लगेच कळेल. ताजेपणा हवा पण समुद्री नको असेल तर ओ सोव्हाज. नाव सारखं आहे म्हणून सोव्हाजशी गल्लत करू नका, तो लिंबू, तुळशीसारखी पानं आणि शेवाळाकडे झुकलेला वेगळाच परफ्यूम आहे. आणि 'पुरुषांचा' हा शब्द फक्त दुकानातल्या फळीपुरता धरा. पलीकडच्या फळीवरचा एखादा वाळ्याचा किंवा लिंबूवर्गीय परफ्यूम झाकलेल्या पट्ट्यांत पुढे गेला तर तो घ्यायला काहीच हरकत नाही.